घारे, पिंगट की मांजरे?

परवा भाचा विचारत होता, "मामा, गेराल्टच्या डोळ्यांना मराठीत काय म्हणायचं?" 'द विचर ३' (२०१५) या व्हिडिओ गेममधला पांढऱ्या केसांचा शिकारी. डोळे पिवळे, बाहुल्या मांजरासारख्या उभ्या. मी पटकन 'घारे' म्हणालो आणि मग खटकलं. घारे म्हणजे नेमके कसे? कुणी करडे सांगतं, कुणी हिरवट. तुम्ही काय म्हणता?

▪ घारा हा एक रंग नव्हेच. डोळा काळाभोर नाही, एवढंच तो शब्द सांगतो. माझी आत्या घारी होती. माजघरात तिचे डोळे राखी वाटायचे, अंगणात उन्हाला बसली की मधासारखे. शब्द मात्र एकच. आणि ते बरोबरही आहे. बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच, असतं ते तपकिरी मेलॅनिन. ते कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि डोळा निळसर दिसतो, साधारण आकाशासारखाच प्रकार. उजेड बदलला की छटा बदलणारच.

▪ घारीवरून म्हणावं, तर आपल्याकडे शहरांवर घिरट्या घालते तिचा डोळा गडद तपकिरी असतो! पिवळाधमक डोळा पिंगळा घुबडाचा. म्हणून गेराल्टला 'पिंगट' द्या. किंवा सरळ 'पिंगाक्ष'. मारुतीच्या बारा नावांत आहे.

▪ पिंगाक्षने रंगाचं काम भागलं, उभ्या बाहुलीचं नाही. तिथे 'मांजरे डोळे'च हवेत.

▪ आणि दोन डोळे दोन रंगांचे असतील तर? 'फायनल फँटसी १०' (२००१) या गेममधल्या युनाचा एक डोळा निळा, एक हिरवा. हिरवा आईकडून आलेला.

▪ काही जण त्याला 'चकणा' म्हणतात, ते साफ चूक. चकणेपणा नजरेच्या दिशेत, रंगात नव्हे. 'विषमनेत्र' सुचतो, पण तो शंकराने आधीच अडवलाय, तीन ही विषम संख्या म्हणून. मला 'दुरंगी' पुरतो.

▪ ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचे डोळे दुरंगी होते ना?

▪ नाही हो! १९६२ मध्ये मित्राच्या ठोशाने त्याची डावी बाहुली कायमची मोठी राहिली. म्हणून तो डोळा काळपट दिसायचा. बुबुळं दोन्ही निळीच. बाहुली आणि बुबुळ यांत गल्लत केली की असं होतं. त्यात नेत्रदानाच्या बातम्यांत 'बुबुळ' म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा; रंगाची गोष्ट निघाली की परितारिका, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. शब्द एक, पडदे दोन.

▪ (मूळ प्रश्नकर्ता) भाच्याला 'पिंगाक्ष' फारच आवडला. नव्या गेममध्ये स्वतःच्या पात्राचं नाव तेच ठेवलंय. एवढं करून डोळे मात्र जांभळे निवडलेत. याला काय म्हणू?

▪ जांभळे.