मदत हवी आहे: दार बसत नाही, बॉनेटची फट वाकडी (बडोदा)

मांजलपूरकर:
ड्रायव्हरकडचं दार मागच्या बाजूला खाली लोंबतंय. आपटल्याशिवाय लागत नाही, वरून वारा शिरतो, पावसात मांडीवर पाणी. बॉनेट आणि मडगार्डमधली फट एका बाजूला बोट जाईल एवढी, दुसरीकडे नखही शिरत नाही. एका गॅरेजवाल्याने दार उघडून खालून गुडघा लावला आणि वर दाबलं. घरी येईपर्यंत बरं वाटलं, मग परत तेच. दुसरा म्हणतो जुन्या गाडीचं असंच असतं. पासिंग (आरटीओची तपासणी) तोंडावर आहे. कोणता बोल्ट सैल करून काय किती सरकवायचं तेवढंच सांगा, प्लीज लवकर.

रावपुरा_रवी:
अहो, गाडी कोणती? साल? कुठे ठोकली होती का?

मांजलपूरकर:
मारुती 800, 1999 ची. ठोकलेली नाही. वडिलांची गाडी आहे, विकायची नाही, हेही आधीच सांगतो.

झेनवाला:
एकदम सोपं आहे. पिलरवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबावर, स्ट्रायकर असतो, दाराचं लॉक ज्याच्यात अडकतं तो. त्याचे स्क्रू ढिले करा, थोडा वर घ्या, परत आवळा. दार आपोआप उचललं जातं. माझ्या झेनचं असंच केलंय, आजही मस्त लागतं.

फतेगंजचे काका:
रबर बदला. मांडीवर पाणी येतंय म्हणजे बीडिंग गेलेलं आहे. आणि हो, रंग करणार असाल तर पूर्ण गाडीच करा, एकच दार केलं की शेड जुळत नाही. उन्हाने जुना रंग उतरलेला असतो.

पत्राकाम:
स्ट्रायकरने दार उचलू नका. दार त्याच्यावर चढून बसतं, तेवढ्यापुरतं सरळ दिसतं, पण दर वेळी लॉकवर आणि बिजागऱ्यांवर वजन येतं. स्ट्रायकरचं काम दार आत-बाहेर किती दाबून बसतं ते ठरवण्याचं. दाराची उंची बिजागऱ्यांवर ठरते. खरी स्थिती बघायची तर स्ट्रायकर पूर्ण काढा (आधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा) आणि दार अलगद टेकवा. मोकळं दार कुठे लोंबतंय ते तेव्हा कळेल.

मग दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून वर-खाली करा आणि कोणाला तरी बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. बिजागरीच्या पिनमध्ये खेळ (ढिलेपणा) दिसला तर पिन-बुश झिजलेत, बोल्ट सरकवून काही होणार नाही. खेळ नसेल आणि बिजागरीबरोबर पिलरचा पत्राच हलत असेल, तर गोष्ट वेगळी. आधी हे बघून सांगा.

झेनवाला:
माझं इतकी वर्षं चाललंय ते काय खोटं? यांना पासिंगला जायचंय, प्रदर्शनात ठेवायची नाहीये.

रावपुरा_रवी:
प्रदर्शनावरून आठवलं, 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, कोणी गेलं होतं का? पुढे-मागे त्यात 800 पण ठेवतील बघा.

पत्राकाम:
झेनवाले, तुमचं दार 2-3 मिलिमीटर उतरलं असेल, तिथे निभावलं. यांच्या बॉनेटचीही फट गेलीय. दार आणि बॉनेट दोन्ही एकाच वेळी बिघडतात तेव्हा आधी कारण शोधायचं, पाना नंतर.

मांजलपूरकर:
बघितलं. पिनमध्ये खेळ नाही. खालच्या बिजागरीपाशी पत्रा किंचित दबतोय असं वाटलं. मग आता कोणता बोल्ट?

पत्राकाम:
बोल्ट राहू द्या. जॅक लावून त्याच बाजूचं पुढचं चाक उचला आणि दाराची फट बघा. अंगठ्याने खालच्या पट्टीवर, दाराखाली जो लांब डबा असतो त्याच्यावर, आतून-बाहेरून दाबून बघा. गाडी पाण्यात उभी होती का कधी?

मांजलपूरकर:
2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत आलं तेव्हा सीटपर्यंत बुडाली होती. पण इंजिन, वायरिंग सगळं तेव्हाच करून घेतलं, म्हणून लिहिलं नाही. जॅक लावल्यावर फट वर बारीक झाली, दार अडकलं. पुढच्या टोकाला पट्टी दाबली तर रंगाखाली कुरकुर आवाज येतो. कार्पेटखाली अजून ओल आहे.

फतेगंजचे काका:
कार्पेट उन्हात टाका.

पत्राकाम:
मिळालं कारण. 800 ला वेगळी चॅसी (खालची लोखंडी चौकट) नाही, हा पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. खालची पट्टी आणि पिलरचा बुंधा आतून गंजला की गाडी मधोमध वाकते, आणि ते आधी दिसतं दारांच्या फटीत. आता बिजागरी सरकवून फट जुळवली तरी सडका पत्रा तसाच राहील. यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारून घेऊ नका, पासिंग होईल पण गाडी सुरक्षित नसेल.

वेल्डिंगवाला गाठा, मकरपुऱ्याकडे असे कारागीर मिळतील. सांगा की पट्टी कापण्याआधी गाडीला खालून नीट आधार द्यायचा आणि दाराच्या चौकटीचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप दुसऱ्या बाजूशी जुळवायचं, दार लावून बघायचं, मगच जोड पक्का करायचा. उलट केलं तर वाकडी चौकट कायमची वेल्ड होते. जुना पत्रा चांगला लागेपर्यंत कापायचा, वरून ठिगळ नको. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढा, कार्पेट-सीट बाहेर. झाल्यावर पट्टीच्या आत गंजरोधक मेण मारून घ्या आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ते बघा.

झेनवाला:
पुराचं आधी सांगितलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. तरी स्ट्रायकर शेवटी बघावाच लागेल.

पत्राकाम:
शेवटी, हो. क्रम मागून पुढे. मागचं दार मागच्या पत्र्याशी, पुढचं दार मागच्या दाराशी, मडगार्ड पुढच्या दाराशी, मग बॉनेट. मडगार्ड बोल्टवर आहे, त्याला सरकायला जागा असते. बॉनेट सगळ्यात शेवटी, आधी घेतलं तर दोनदा करावं लागतं. स्ट्रायकर प्रत्येक दार बसल्यावर. कडांना मास्किंग टेप लावा, नाहीतर फट जुळेल आणि रंग उडेल.

मांजलपूरकर:
मडगार्ड नवं घ्यावं लागलं तर 800 चं मिळतं का अजून? गाडी बंद होऊन किती वर्षं झाली.

रावपुरा_रवी:
2014 ला बंद झाली, पण रस्त्यावर इतक्या आहेत की बाहेरच्या कंपन्यांचा माल मिळतो. पत्रा पातळ असतो आणि भोकं जुळत नाहीत, म्हणून रंगाला देण्याआधी एकदा गाडीवर लावून बघा. जुनं सरळ असेल तर तेच ठेवा.

मांजलपूरकर:
जुनंच ठेवतो. पासिंगची तारीख पुढे ढकलता येते का बघतो आणि उद्या मकरपुऱ्याला नेतो. पट्टी कापल्यावर आतला फोटो टाकीन, किती कापायचं ते पत्राकाम तुम्ही सांगा.