मदत हवी आहे: साबुदाण्याची खिचडी घशाखाली उतरत नाही

वय बेचाळीस, राहणार दादर. दुसरीत असताना एकादशीला खिचडी खाल्ली आणि रात्रभर उलट्या झाल्या. घरात बाकी कुणाला काही झालं नाही, म्हणजे खिचडीचा दोष नव्हताच. पण तेव्हापासून तूप-जिऱ्याच्या फोडणीत दाण्याचं कूट पडलं, की माझ्या पोटात ढवळतं. गंमत म्हणजे साबुदाणा वडा मी चवीने खातो!

वाचलं तेव्हा कळलं, की मेंदू चव आणि आजारपण यांची गाठ एकदाच मारतो, मग कारण खरं असो वा नसो. 1955 मध्ये गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी देताना किरणोत्सर्गाचा मारा केला होता. नंतर ते उंदीर त्या पाण्याला तोंड लावेनात. थोडक्यात, मी तो उंदीर.

आता लग्न ठरलंय (हो, उशिराच) आणि होणाऱ्या सासूबाई गिरगावच्या. दर संकष्टीला खिचडी, तीही आग्रहाची. ‘नको’ म्हटलं तर ‘नाटकं’ वाटतील.

कुणाची अशी नावड मोठेपणी गेली आहे का? घास-घास करून सवय लावली, की फोडणी बदलून पाहिली? आणि सासूबाईंना आधीच सांगावं का?