जुन्या गावात गाडी कुठे लावता? खान्देशकरांचे अनुभव

जळगाव असो, धुळे असो की पारोळा. जुन्या बाजारात शिरायचं म्हटलं की आधी गाडीची सोय बघावी लागते. दुकानदार, हमाल, टेम्पोवाले, तिथेच राहणारे, सगळ्यांनी आपापलं लिहा. 'लोकांना शिस्त नाही' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते सगळ्यांना पाठ आहे.

सराफाकडे सेल्समन, जळगाव
गिऱ्हाईक गाडी लावतं अर्धा तास, आम्ही लावतो सकाळपासून रात्री शटर ओढेपर्यंत. दुकानासमोर सहा मोटारसायकली मावतात, त्यातल्या चार आमच्याच. मग गिऱ्हाईक रस्त्यात लावणार, नाहीतर सरळ हायवेकडच्या शोरूमला जाणार. दिवाळीआधी शेठनी बोळातल्या बंद वाड्याचं अंगण भाड्याने घेतलं आणि आमच्या गाड्या तिकडे हलवल्या. दोन दिवस समोर मोकळं दिसलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या पोरांनी जागा भरून टाकली! शेठ बोलायला गेले तर उत्तर काय, "पाच मिनिटमा येस भाऊ." ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी त्यांनाही वाड्यात घेतलं, भाडं निम्मं निम्मं.

कापड दुकान, आग्रा रोड, धुळे
इंग्रजी अमदानीत, 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात नवी पेठ आखून वसवली. म्हणून गल्ल्या सरळ नि नंबराच्या. एका गल्लीने आत, पुढच्या गल्लीने बाहेर. एकेरी वाहतुकीला याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. पण गल्लीच्या तोंडालाच चारचाकी उभी असते, की मागची अख्खी गल्ली बाद. आधी कोपरे मोकळे करा, पार्किंगचे मजले मग बांधा.

छोटा हत्ती चालवतो, दाणाबाजार, जळगाव
दुपारी माल उतरवताना शिव्या आम्हीच खातो. पहाटे यायला माझी ना नाही हो, पण दुकान उघडतं दहाला. तोवर पोती घेऊन झोपायचं का रस्त्यात? एका व्यापाऱ्याने गोदामाची किल्ली हमालांच्या मुकादमाकडे दिली आहे. त्याचा माल सातलाच खाली होतो आणि मी मोकळा. किल्ली द्यायला बाकीचे तयार नाहीत.

सूनबाई, जुने जळगाव
सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स चौकातच अडकली. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओट्यांपुढच्या गाड्यांमधून वाट काढत नेलं. आता बरे आहेत. त्यानंतर गल्लीत ठरलं, रात्री सगळ्यांनी एकाच बाजूला लावायचं आणि हँडल लॉक करायचं नाही, म्हणजे कुणालाही गाडी सरकवता येते. चोरीच्या भीतीने दोघंतिघं अजून ऐकत नाहीत. त्यांच्या गाड्या बोळाच्या आतल्या टोकाला लावायला सांगितल्यात.

रथाचा मोगरीवाला, जळगाव
श्रीरामाचा रथ 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सारून तो वळवावा लागतो, तिथे वीतभर इकडेतिकडे चालत नाही. त्या दिवशी त्याच रस्त्यांवर एक गाडी दिसत नाही. पाट्या, ताडपत्र्या, फळ्या, सगळं आत जातं. पोलीस असतातच, पण बरेच जण आदल्या रात्रीच आवरतात. रथ आपल्या दारात अडला तर गाव वर्षभर नाव ठेवतं ना! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पुन्हा बाहेर.

पारोळ्याहून
किल्ला भर गावात, खंदकाला लागून वस्ती नि बाजार. पाहुणे किल्ल्यापर्यंत गाडी न्यायचा हट्ट धरतात आणि मग मागे घेता येत नाही. बाहेरच लावा, चालत या.

रिटायर्ड ट्रॅफिक हवालदार, धुळे
सम-विषम तारखेची पार्किंग कागदावर झकास असते. पण 31 ला विषम आणि लगेच 1 लाही विषम, म्हणजे दोन दिवस एकाच बाजूचे दुकानदार वैतागणार. त्यात लोक सवयीने बाजू बदलतात आणि दंड बसला की आमच्याशीच वाद. तारखेऐवजी आठवड्याची वाटणी करा, असं आम्ही तेव्हाही वर सांगायचो.