क्लाउन माशांची जोडी अंडी घालतेय पण पिल्लं वाचत नाहीत, रोटिफरशिवाय (पिल्लांना खायला देतात ते पाण्यातले सूक्ष्म जीव) काही मार्ग आहे का?

घणसोलीचा_मासेवेडा
नमस्कार मंडळी. घरी तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात ओसेलॅरिस क्लाउनची जोडी. मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला नियमित अंडी घालतात. नर दिवसभर पंखांनी वारा घालत बसतो, मध्येच एखादं खराब अंडं खाऊन टाकतो, आणि मी हात घातला की मादी कचकन चावते. अंडी आधी नारिंगी, मग काळपट, शेवटी चंदेरी डोळे चमकतात आणि सातव्या-आठव्या रात्री सगळं साफ. सकाळी बघावं तर कुंडी रिकामी, थोडीफार फिल्टरच्या स्पंजमध्ये मेलेली. बाजूला काढली तरी दोन-तीन दिवसांत संपतात. खाणं म्हणून फ्लेक्सची एकदम बारीक पूड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक देऊन बघितला, गप्पीची पिल्लं त्यावरच वाढली होती. रोटिफर वगैरेची भानगड न करता काही होतं का? आणि पुढेमागे जगली तर दुकानवाले घेतील का?

ठाणेकर_मीठपाणी
दादा रोटिफरशिवाय नाही होत, हे आधीच सांगते म्हणजे तुमचा बलक वाचेल. गप्पीचं पिल्लू जन्मतःच तयार मासा असतो, क्लाउनचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा जेमतेम ३-४ मिमीचं, आरपार दिसणारं, आणि ते फक्त हलणारं भक्ष्य टिपतं. पूड हलत नाही, तळाला जाते, सडते, अमोनिया वाढतो, आणि पिल्लं उपाशी आणि विषबाधा दोन्हीने जातात. आर्टेमियाचं (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजं पिल्लूसुद्धा अर्ध्या मिमीच्या आसपास असतं, पहिल्या दिवसांत तोंडात मावत नाही. रोटिफर त्याहून कितीतरी बारीक म्हणून तेच लागतात.

भानगड वाटते तेवढी नाही. पाण्याची पाच लिटरची बाटली घ्या, मिठाचं पाणी, हवेची नळी टोकाला एअरस्टोन (बुडबुडे बारीक करणारा दगड) न लावता सोडा, बुडबुडे मोठे आणि संथ यायला हवेत. खाणं म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस, हिरवं शेवाळ, तयार मिळतं. पाणी फिकट हिरवं ठेवायचं, साफ दिसायला लागलं की पुन्हा घालायचं. रोज थोडं पाणी बारीक कापडातून गाळून रोटिफर काढायचे आणि तेवढंच नवीन पाणी भरायचं. दोन बाटल्या ठेवा, त्याही वेगवेगळ्या खोल्यांत, कारण कल्चर (बाटलीतली रोटिफरची पैदास) कधी कोसळेल सांगता येत नाही आणि कोसळलं की एका रात्रीत कोसळतं. हे सगळं नीट चालू झाल्याशिवाय पुढच्या अंड्यांकडे बघूसुद्धा नका, घालूदेत आणि खाऊदेत. बहुतेक लोक इथेच उलटं करतात, पिल्लं आल्यावर धावपळ.

आता रात्रीचं. डोळे चंदेरी झाले की त्या दिवशी दुपारीच कुंडी अलगद दुसऱ्या टँकमध्ये न्या, पाणी जुन्याच टँकचं, आणि अंड्यांच्या अगदी बाजूने बुडबुड्यांची धार सोडा, बापाचं काम तीच करते. संध्याकाळी पूर्ण अंधार, हॉलची ट्यूब पण बंद आणि खिडकीतून रस्त्याचा दिवा येत असेल तर पडदा ओढा. कुंडी हलवायची नसेल तर अंधारात एका कोपऱ्यात टॉर्च धरा, पिल्लं उजेडाकडे जमतात, मग वाटीने उचला, जाळी अजिबात नको. त्यांच्या टँकला चारी बाजूंनी काळा कागद लावा नाहीतर काचेवर आपटत राहतात, पाण्यात थोडा हिरवा रंग राहूद्या म्हणजे भक्ष्य दिसतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोटिफर चालू ठेवूनच आर्टेमिया सुरू करा, त्याची टरफलं पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत. आठ-दहा दिवसांनी तळाशी उतरायला लागतात आणि डोक्यामागे पांढरा पट्टा उमटतो. तिथपर्यंत पोचलात की जिंकलात, पण त्याच दिवसांत मरही जास्त होते.

एवढंच_पाणी
बंगाई कार्डिनल नावाचा मासा घ्या हो, रोटिफर नकोच. नर अंडी तोंडात घेऊन बसतो, बाहेर पडतात ते थेट छोटे मासेच, आर्टेमिया खातात. फक्त नराला त्या दिवसांत सतावू नका. आणि मुळात हा मासा त्याच्या मूळच्या समुद्रात धोक्यात आहे, तेव्हा पकडून आणलेला नको, पाळीव पैदाशीचाच मागा.

घणसोलीचा_मासेवेडा
बंगाईचा विचार करतो. आणि ब्लू टँग माशाचं पण असं होतं का घरी?

खाडीपलीकडचा
नाही, विसरा. टँग अंडी पाण्यात मोकळी सोडतो, पिल्लं अगदीच चिमुकली, रोटिफरही मोठे पडतात, कोपेपॉडची (समुद्रातले अतिसूक्ष्म कवचधारी जीव) पिल्लं लागतात आणि महिनाभराहून जास्त काळ सांभाळायचं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लॅबला ब्लू टँग पहिल्यांदा जमला तो २०१६ साली, तेही अख्ख्या टीमला. क्लाउन सोपा म्हणूनच तर सगळे त्यापासून सुरू करतात.

विक्रीचं म्हणाल तर दुकानदार घेतात पण भाव पाडून, कारण बाहेरून येणारा माल त्यांना ठोकमध्ये मिळतो. तुमचा मुद्दा वेगळा पाहिजे, टँकमध्ये जन्मलेला मासा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा टिकतो, गोळी-दाणा खातो, रोग कमी आणतो. पिल्लं जोडी म्हणून विकू नका मात्र, सगळी आधी नरच होतात आणि एकत्र राहिली की त्यातली सर्वात मोठी पुढे मादी होते, कोण कोणाची जोडी ते आज कसं सांगणार?

तुम्ही घणसोलीचे म्हणजे ऐरोली हाकेच्या अंतरावर. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि एनबीएफजीआर (माशांच्या आनुवंशिक संसाधनांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था) यांची सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे, क्लाउनवरच काम चालतं. लोकं तिथे फ्लेमिंगोची बोट धरायला जातात आणि हॅचरीचं नावही ऐकलेलं नसतं. एकदा जाऊन विचारा.

आणि टँकमध्ये प्रवाळ किंवा समुद्रघोडा ठेवला असेल तर ते आधी बघा, वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी.

घणसोलीचा_मासेवेडा
प्रवाळ नाही, नुसते दगड आणि वाळू. ठीक, आधी रोटिफरच्या बाटल्या लावतो. एकच शंका, मेमध्ये दुपारी लाईट गेली की टँक ३१ च्या वर जातो, तेव्हा कल्चरचं काय?

ठाणेकर_मीठपाणी
कल्चर तेवढं सोसतं, त्याला गरम पाणी आवडतंच, पण हवा बंद पडली तर ते लवकर कोसळू शकतं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. मोठ्या टँकला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर वर पंखा लावा आणि उडालेलं पाणी आरओच्या साध्या पाण्याने भरा, मिठाच्या नाही.