ऊर्जाक्षेत्र मोजणारी यंत्रं: चाचणी घ्यायची तर अशी घ्या

चौकस: माणसाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र मोजतो असा दावा करणाऱ्या यंत्रांची परीक्षा अवघड नाही. पडद्याआड माणूस बसवायचा की खुर्ची रिकामी ठेवायची, हे दर वेळी नाणं उडवून ठरवा. यंत्र चालवणाऱ्याला आणि त्याच्याशी बोलणाऱ्यालाही ते कळता कामा नये. शंभर वेळा करा. नुसत्या अंदाजानेही पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर येतील, तेव्हा यंत्राचा आकडा त्याच्या बराच वर हवा.

साधक: ध्यानाआधीचे आणि नंतरचे शरीराभोवतीच्या प्रभेचे फोटो मी स्वतः पाहिलेत. फरक ढळढळीत असतो. शरीरात वीज असते हे तुमचं विज्ञानही मानतं, ईसीजी त्यावरच तर चालतो!

चौकस: वीज असतेच. पण हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकं असतं. ते टिपायला अतिसंवेदनशील उपकरण लागतं, बहुधा बाहेरचं क्षेत्र अडवणारी खोलीही. अशा यंत्रांतल्या हातात धरलेल्या सळईचं ते काम नव्हे. फोटोंचं म्हणाल, तर ते काढायचं किर्लियन तंत्र 1939 पासूनचं आहे. त्यात उच्च दाबाच्या विजेने बोटाभोवतीची हवा चमकते, तशी ती नाण्याभोवतीही चमकते. बोटाचा ओलावा बदलला की चित्र बदलतं. ध्यानानंतर घाम कमी झाला असेल तर फरक दिसणारच. फरक खरा आहे, पण तो प्रभेचा कशावरून?

जिज्ञासू: 1998 साली एमिली रोझा या मुलीचा प्रयोग अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला होता. हातांना ऊर्जाक्षेत्र जाणवतं असं म्हणणाऱ्या उपचारकांना, आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढंच तिने आडोशाआडून विचारलं. 21 उपचारक, 280 प्रयत्न, बरोबर 123.

साधक: अविश्वासाच्या वातावरणात संवेदना मिटतात. शिवाय ते हात होते, यंत्र नव्हतं.

चौकस: यंत्राला वातावरणाचा ताण येत नाही, म्हणून त्याची परीक्षा उलट सोपी. आधी पडदा न लावता मोजा, यंत्र नीट चालतंय हे चालवणाऱ्यालाच सांगू द्या. मग लगेच पडदा लावा. बाकी काही बदलू नका.

साधक: माणूस उठून गेला तरी त्याची ऊर्जा खुर्चीत रेंगाळते. तिचं काय?

चौकस: किती वेळ रेंगाळते ते चाचणीआधी लिहून द्या. तेवढं थांबून मोजू. पण निकाल लागल्यावर ती वेळ वाढवायची नाही.