मदत हवी आहे: १९८५ च्या रुपयाखालचं टिंब नोएडाचं की आणखी कुठलं?

आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी सापडली आहेत. सगळी वापरून वापरून झिजलेली, एकही कोरं नाही. टांकसाळीप्रमाणे वेगळी करायला बसले आणि १९८५ च्या एका रुपयाच्या चार नाण्यांपाशी अडकले.

मला माहीत आहे ते एवढंच: वर्षाखाली चौकट (पत्त्यातली असते तशी) असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. आता चार नाणी अशी आहेत:

पहिल्यावर वर्षाच्या बरोबर मध्यभागी स्वच्छ चौकट. मुंबई. त्यात शंका नाही.

दुसऱ्यावर मध्ये काहीच नाही, पण पहिल्या १ च्या खाली काहीतरी बारीक उठलेलं आहे. आधी ओरखडा वाटला. पण ओरखडा खोल जातो, हे वर आलेलं आहे. नखाला लागतं.

तिसऱ्यावर काही नाही. किंवा होतं आणि झिजलं. कसं ओळखायचं?

चौथ्यावर मध्यभागी बारीक गोलसर उंचवटा. मी वहीत 'नोएडा' लिहून मोकळी झाले होते, पण भाऊ म्हणतो बसत नाही. का बसत नाही ते मात्र त्याला सांगता येईना.

शिवाय १९६२ चे दहा नये पैसे आहेत, लाटेसारख्या कडेचे. त्यावरच्या चौकटीच्या पोटात काळा ठिपका दिसतो. तो मळ आहे की चिन्हाचाच भाग?

फोटो काढले, पण मोबाईलच्या फ्लॅशमध्ये सगळं पांढरं फटक येतंय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

घासलेली दमडी:
भाऊ बरोबर आहे. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. १९८५ च्या नाण्यावर तिचं टिंब येणार कुठून? चिन्हाकडे बघण्याआधी वर्ष बघायचं, निम्मे पर्याय तिथेच गळतात. तुमचा उंचवटा बहुतेक झिजलेली चौकट आहे. चौकटीची चार टोकं आधी जातात, मधला भाग उरतो आणि गोल दिसायला लागतो. वापरलेल्या नाण्यांवर ही फसगत नेहमीची, मीही केली आहे.

फ्लॅश बंद करा. खोलीत अंधार करून एकच दिवा नाण्याच्या पातळीत, अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. उंचवट्याची सावली पडते त्यात आकार कळतो. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठं घेतलं तर झीजच दिसत बसते.

आणेवारी:
दुसरं नाणं जपून ठेवा. १९८५ मध्ये देशातल्या टांकसाळी मागणीला पुऱ्या पडत नव्हत्या, म्हणून नाणी बाहेरूनही पाडून आणली. त्या वर्षाच्या रुपयावर पहिल्या आकड्याखाली चौकट असेल तर ते ब्रिटनमधल्या लँट्रिसंटच्या रॉयल मिंटचं. आणि वर्षाखाली इंग्रजी एच हे अक्षर असेल तर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. लोक त्या एच ला हैदराबाद समजतात, पण तो हैदराबादचा नाही. म्हणजे नुसता आकार बघून भागत नाही, जागाही बघावी लागते.

'काही नाही' वाल्याबद्दल: नाणं सगळीकडे सारखंच झिजतं असं नाही, पण शेजारी-शेजारी असलेल्या गोष्टी साधारण एकत्र झिजतात. वर्षाच्या आकड्यांचे खालचे कोपरे बघा. ते धारदार असतील आणि त्यांच्या लगेच खाली सपाट असेल, तर तिथे चिन्ह नव्हतंच, कोलकाता. आकडेच मऊ पडून पसरले असतील तर निर्णय देऊ नका. वहीत प्रश्नचिन्ह लिहा, त्यात कमीपणा नाही.

यातही एक खोच आहे. कधी कधी नाणं पाडायच्या ठशाच्या बारीक खड्ड्यात तेल-कचरा साचतो आणि चिन्ह मुळातच पुसट उमटतं. अशा वेळी आकडे धारदार असूनही खाली भास झाल्यासारखी चौकट दिसते. आडव्या उजेडात सावकाश बघा.

घासलेली दमडी:
दहा नये पैशांचं राहिलंच. त्या काळात हैदराबादची खूण चौकटीतलं टिंब अशी असायची, चांदणी नंतर आली. म्हणजे ठिपका खरा असू शकतो. पण ते टिंब उठलेलं असतं. मळ असेल तर खळग्यात बसलेला असेल. टोकदार केलेल्या लाकडी काडीने हलकेच टोचून बघा, मळ सुटतो, धातू सुटत नाही.

आणि कृपया टूथपेस्ट लावू नका. विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. पेस्टमधली बारीक पूड ज्या चिन्हासाठी खटपट चालली आहे तेच आधी खाते.

धागाकर्ती:
टूथपेस्टचं वाचून पोटात गोळा आला, एका पंचवीस पैशांना काल लावून झाली आहे. असो.

पुस्तकांच्या चळतीवर टॉर्च आडवा ठेवून बघितलं. चौथ्या नाण्याच्या उंचवट्याला डावीकडे आणि उजवीकडे स्पष्ट टोक आहे, वरचं टोक गेलंय. चौकट, म्हणजे मुंबई. नोएडा खोडलं. दुसऱ्यावर पहिल्या १ खाली बारीकशी चौकटच निघाली! आठवडाभर तिला ओरखडा म्हणत होते. तिसऱ्याच्या ८ चं आणि ५ चं पोट पार सपाट झालंय, तिथे प्रश्नचिन्ह.

दहा नये पैशांच्या ठिपक्यावर काडी चालवली तर काळं निघालं, पण खाली अजून काहीतरी उठलेलं जाणवतंय. अर्धा मळ, अर्धं टिंब असं असू शकतं का?

आणेवारी:
असू शकतं. टिंबाभोवती चौकटीच्या आत जी खाच राहते तिथेच मळ धरतो. काडी आता थांबवा. नाणं रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, सकाळी मऊ कापडावर न चोळता टिपून घ्या आणि मग आडव्या उजेडातला फोटो टाका.