गच्चीवर स्विच की खाली स्प्लिटर?

सचिव: केबलवाल्याचा प्रस्ताव आलाय. गच्चीपर्यंत फायबर, तिथे स्विच (नेट घरोघरी वाटणारं विजेवरचं यंत्र) आणि पुढे घरोघरी लॅन केबल. २४ फ्लॅट, ६ गाळे. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

ब-३०२: माझा ठाम विरोध. फायबर थेट घरातल्या ओएनटीपर्यंत (फायबरच्या मॉडेमपर्यंत) यायला हवं. गच्चीवरच्या स्विचला वीज लागते. जिन्याची लाइन गेली की घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद. शिवाय पावसाळ्यात वीज जवळपास पडली की तांब्याच्या केबलमधून झटका राउटरपर्यंत येतो, पोर्ट जळतात. त्यापेक्षा खाली स्प्लिटर बसवू. तो एका फायबरचा सिग्नल अनेक घरांत वाटतो आणि त्याला वीज लागतच नाही.

गाळा २ (फार्मसी): आम्हा दुकानदारांना हेच हवं. बिलिंग ऑनलाइन, कार्ड मशीन वायफायवर. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं, पण गाळ्याच्या आत गिऱ्हाइकाच्या मोबाइलला रेंज नसते, पैसे पाठवायला त्याला आमचं वायफाय लागतं. चवथीच्या बाजारात नेट गेलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

अ-१०१: कनेक्शनं ३०च. मग एक १:३२ स्प्लिटर (एका फायबरच्या ३२ वाटा) पुरेल ना?

ब-३०२: पुरेल वहिनी, पण दोन १:१६ घ्यायला सांगूया. १:३२ मध्ये सिग्नल साधारण १७ डीबीने (डीबी म्हणजे घट मोजायचं माप) कमी होतो, १:१६ मध्ये १४च्या आसपास. ओएनटीवर उणे १८ ते उणे २४ डीबीएम (सिग्नलची ताकद) मिळाला की निश्चिंत. उणे २७च्या खाली घसरला की नेट सारखं तुटतं. आणि दोन फीडर (कंपनीकडून बिल्डिंगपर्यंत येणाऱ्या मुख्य केबल) दोन वेगळ्या वाटांनी आणले तर माडाचं चुडत पडून एक तुटला तरी अर्धी बिल्डिंग चालू राहते. एकाच खांबावरून दोन्ही आणले तर काही फायदा नाही.

गाळा ५ (झेरॉक्स): लाइट गेल्यावर ओएनटीचं काय?

ब-३०२: १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते बघूनच घ्या. वेगळा राउटर असेल तर त्यालाही बॅकअप हवा, तो बहुतेक जण विसरतात. ओएनटीवरचा एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लागला तर फायबर तुटलंय किंवा कुठेतरी दुमडलंय. एलओएस बंद आणि पॉनचा (कंपनीशी जोडणी दाखवणारा) दिवा लुकलुकतोय, तर कंपनीकडे बोट दाखवा. आणि हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घालू नका, टोकं नीट टेकत नाहीत.

अ-१०१: पुढे कंपनी बदलायची झाली तर?

ब-३०२: म्हणूनच आतली वायरिंग सोसायटीची असावी. डक्टमधून २५ मिमी पीव्हीसी पाइप, दर फ्लॅट-गाळ्याला दोन कोअर (फायबरचे धागे), एक वापरात, एक राखीव. सगळी टोकं पहिल्या लँडिंगवरच्या पेटीत. तळमजल्यावर नको, पाणी शिरतं. केबल पेटीत खालून घ्या, वरून घेतली तर पावसाचं पाणी तिच्यावरून आत उतरतं. नवी कंपनी त्याच पेटीत येऊन जोडणी करेल, भिंती फोडायला नकोत.

सचिव: दोन ठिकाणचं कोटेशन मागवतो.

ब-३०२: जोडणी फ्यूजन स्प्लाइसची (फायबरची टोकं वितळवून जोडलेली), हे त्यात लिहून घ्या बाब. न वितळवता हाताने बसवायचा फास्ट कनेक्टर स्वस्त पडतो, पण आपल्या दमट हवेत दोनेक पावसाळ्यांत सिग्नलची घट वाढायला लागते. काम संपल्यावर प्रत्येक टोकाचं पॉवर मीटरचं (सिग्नलची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग कागदावर घ्या, मगच शेवटचा हप्ता.

सचिव: घातलं.